ठिपका गेला कुठे?
(मेंदूची ओळखपरेड : भाग ११)

कोकणातल्या रानात काजऱ्याचं झाड असतं. त्याचं बी म्हणजे औषधात शुद्ध करून वापरतात तो कुचला, आणि त्यातलं विष म्हणजे स्ट्रिक्नीन. ते पोटात गेलं की झटके येतात, पाठ कमानीसारखी ताठ होते. धनुर्वाताच्या रोग्याचंही असंच होतं, कारण दोन्ही विषांचा मार ग्लायसीनवर बसतो. मज्जारज्जूतल्या पेशींना आवर घालणारा हा चेतापारेषक. धनुर्वाताचं विष त्याला बाहेरच पडू देत नाही. स्ट्रिक्नीन त्याच्या ग्राहीवर ठाण मांडतं.

हा ग्राही आपण मागच्या भागात पाहिला. तो चेतासंधीवर नेमक्या जागी टिकतो कसा, हे तेव्हा राहिलं होतं.

जर्मनीत हाइनरिख बेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या मज्जारज्जूतून हा ग्राही वेगळा काढला, तोही स्ट्रिक्नीनच्याच आमिषाने. स्ट्रिक्नीनचा भाऊबंद रेणू बारीक मण्यांवर पक्का बसवायचा आणि वरून मज्जारज्जूचा अर्क सोडायचा. ग्राही अडकतो, बाकीचं वाहून जातं. मात्र दर वेळी ग्राहीसोबत ९३ किलोडाल्टनचं आणखी एक प्रथिन येई. पुढे त्याला गेफिरिन हे नाव मिळालं. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला राहून ते ग्राहींना एकत्र धरून ठेवतं. गेफिरिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचं काम १९९८मध्ये प्रसिद्ध झालं : त्यांच्यात ग्लायसीनचे ग्राही चेतासंधीवर गोळाच होत नाहीत, आणि पिल्लं जन्मानंतर दिवसभरात मरतात. (हेच प्रथिन शरीरात मॉलिब्डेनमवर चालणाऱ्या विकरांसाठी लागणारा सहघटकही बनवतं. एकाच प्रथिनाकडे इतकी वेगळी दोन खाती कशी आली, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.)

वेगळ्या काढलेल्या या ग्राहीविरुद्ध बेट्झ यांच्या गटाने मोनोक्लोनल प्रतिपिंडं तयार केली. कोलर आणि मिलस्टाइन यांची १९७५ची पद्धत तोवर रुळली होती : उंदराला प्रथिन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या पेशी कर्कपेशींशी जोडायच्या आणि हवं ते प्रतिपिंड देणारी एकच पेशी निवडून वाढवायची. अशा एका पेशीपासून वाढलेला वंश म्हणजे क्लोन. या प्रतिपिंडांपैकी एक ग्राहीला न चिकटता त्याच्या सोबत्याला, म्हणजे गेफिरिनला चिकटे. त्याचं नाव एमएबी-७ए. त्याच्या मागून चमकणारा रंग लावला, की सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशीवर ठिपक्यांची रांग उजळते. प्रत्येक ठिपका म्हणजे आवर घालणारा एक चेतासंधी, असं धरून वर्षानुवर्षं ठिपके मोजले गेले.

इथेच गोम होती. हे प्रतिपिंड गेफिरिनला सरसकट ओळखत नाही. २७०व्या स्थानावरच्या सेरीनवर फॉस्फेट बसलेलं असेल तरच ओळखतं. शेजाऱ्याने टोपी घातली असेल तरच त्याला ओळखणारा माणूस जसा, तसं. २०१२मध्ये हे उघड झालं. ते फॉस्फेट बसवण्यात सीडीके-५ या विकराचा हात असतो. त्याला रोखलं की ठिपके फिके पडतात. म्हणजे एखाद्या प्रयोगात ठिपके कमी दिसले, तर गेफिरिन घटलं की त्यावरचं फॉस्फेट उतरलं, हे निव्वळ चित्रावरून सांगता येत नाही.

माझ्या मते यामुळे हे प्रतिपिंड टाकाऊ ठरत नाही, उलट जास्त मोलाचं होतं. प्रथिन कुठे आहे एवढंच न सांगता ते कोणत्या अवस्थेत आहे, हेही ते सांगतं. मात्र जोडीला फॉस्फेटची पर्वा न करणारं प्रतिपिंड हवं. ३बी११ हा क्लोन तसा आहे. नमुन्याचा एक भाग फॉस्फेट काढणाऱ्या विकरात ठेवून पुन्हा तपासला, तर शंका बरीच मिटते.

तेव्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती : निबंधात नुसतं ‘गेफिरिनविरोधी प्रतिपिंड’ लिहून थांबू नका, क्लोनचं नावही लिहा.