पाव मिलिमीटरच्या भिंतीआड

घरी गॅसचा सिलिंडर येतो, तेव्हा त्याचे पोलाद जाडजूड असावे असेच आपणा सर्वांना वाटते. अणुगर्भाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र नेमके उलटे हवे असते. वायू दाबून भरलेला हवा आणि भिंत जवळजवळ नकोच!

कारण साधे आहे. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत वायूवर सोडायचा असतो. वायू विरळ, म्हणून तो दाबून भरावा लागतो. पण झोत भांड्याच्या धातूतूनच आत शिरतो. धातू जाड असला, तर वायूऐवजी धातूचीच माहिती हाती येते. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेत २०१८ साली ट्रिटियम या किरणोत्सारी वायूवर प्रयोग झाले. ॲल्युमिनियमचे भांडे २५ सेंटिमीटर लांब. वायू भरताना दाब हवेच्या दहापटीहून अधिक. आणि झोताच्या वाटेवरची भिंत सुमारे पाव मिलिमीटर! ती फुटली तर किरणोत्सारी वायू मोकळा, म्हणून भांडे दुसऱ्या बंद कक्षात ठेवले होते.

ते भांडे यंत्रावर धातू कोरून केलेले होते. अशी भांडी थ्रीडी प्रिंटिंगने करता येतील काय? या पद्धतीत धातूची बारीक भुकटी पसरून लेसरने वितळवतात, मग त्यावर पुढचा थर. जोड नाही, वेल्डिंग नाही. दाब जिथे साचतो ते कोपरे गोल करता येतात, थंड करणाऱ्या नळ्या भिंतीच्या पोटातच ठेवता येतात. लेथवर हे जमणे कठीण.

पण भुकटी कुठे नीट वितळली नाही, तर आत पोकळी राहते. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असली, तरी पाव मिलिमीटरच्या भिंतीत जवळजवळ निम्मी जागा खाते. जाड अंगात ती खपेल, पातळ भिंतीत नाही. म्हणून आमच्या मते अंग खुशाल छापावे. झोताची खिडकी मात्र लाटलेल्या पत्र्याची किंवा कोरलेल्या धातूचीच बरी.

आणि आमच्या टर्नर-फिटर बंधूंनी घाबरू नये. छापलेला पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर सील नीट बसत नाही, वायू झिरपतो. ती बाजू शेवटी लेथवर किंवा मिलिंगवरच साफ करावी लागते.

त्यानंतर परीक्षा. आधी पाणी भरून दाब देतात. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे भांडे फुटले तरी वायूसारखा स्फोट होत नाही. मग हेलियम भरून गळती शोधतात. त्याचे अणू इतके लहान, की पाणी अडले तिथूनही ते निसटतात.