शेजाऱ्यांचा सिक्सर आणि डोळ्याचं ऑपरेशन

दोस्तांनो, हा अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. तुम्ही मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघताय. गोलंदाज अजून धावतच येतोय. आणि शेजारच्या काकांच्या घरातून एकदम आरडाओरडा, "सिक्सर!" मग कुठे तुमच्या मोबाइलवर चेंडू सीमेपार जातो. गेली ना सगळी मजा?

काकांकडे काही जादू नसते. त्यांच्या टीव्हीवर चित्र आधी पोचतं, एवढंच. इंटरनेटवरून येणारं चित्र आधी दाबून लहान करतात. मग त्याचे तुकडे पाडून पाठवतात. ते वाटेत अडखळत येतात, आणि तुमचा मोबाइल थोडे तुकडे गोळा झाल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. यात कित्येक सेकंद जातात. क्रिकेटमध्ये त्यानं कुणाचं काही बिघडत नाही म्हणा! पण समजा, असंच उशिरा आलेलं चित्र बघत कुणी डोळ्याचं ऑपरेशन करत असेल तर?

आपला डोळा केवढा? साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या टपोऱ्या बोराएवढा. त्याच्या आत एक भिंग असतं. वय झालं की ते गढूळ होतं, आणि आजी म्हणते, "मला धुकं पडल्यासारखं दिसतंय गं." हाच मोतीबिंदू. डॉक्टर ते गढूळ भिंग काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. खरी गंमत पुढेच आहे. हे भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं आणि नवं भिंगही त्याच पिशवीत बसवायचं असतं. म्हणजे भिंग काढायचं, पण पिशवी फाटू द्यायची नाही! या पिशवीची मागची बाजू तर केसाच्या दहाव्या भागाहूनही पातळ असते.

म्हणून हे ऑपरेशन सूक्ष्मदर्शकातून बघत करतात. पण त्यात डोळे लावून बसणार डॉक्टर. मग शिकणाऱ्यांनी काय बघायचं? यावर सोपी युक्ती आहे. सूक्ष्मदर्शकात प्रकाश दुभागणारी काच बसवायची. थोडा प्रकाश डॉक्टरांच्या डोळ्याकडे जातो, थोडा कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्यातलं चित्र बाजूच्या खोलीत दाखवा, नाहीतर बिनतारी लहरींवरून दूरच्या गावी पाठवा. बघणाऱ्यांना ते दोन सेकंद उशिरा दिसलं तरी चालतं.

आता मात्र काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच सूक्ष्मदर्शकातून डोळे काढून, खास चष्मा लावून मोठ्या पडद्याकडे बघत ऑपरेशन करतात. तासन्‌तास वाकून बसल्यानं मान आणि पाठ दुखते, ते त्यामुळे टळतं. इथे मात्र उशीर चालत नाही हं! हात हलला की पडद्यावरची सुई लगेच हलायला हवी. त्यामुळे कॅमेरा आणि पडदा यांच्यात सहसा वायरच असते, आणि उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी ठेवतात.

मग बिनतारी चित्राचा सर्वांत मोठा उपयोग कुठे? माझं मत विचाराल, तर ऑपरेशनच्या आधी! त्यासाठी तमिळनाडूत जाऊ या.

मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. तरीही त्यांनी नेटानं सराव केला आणि त्याच बोटांनी हजारो ऑपरेशनं केली. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. तेव्हा तिथे खाटा होत्या फक्त ११!

रुग्णालय वाढलं, पण खेड्यातली माणसं येईनात. का? ज्याला दिसत नाही त्याला सोबत कुणीतरी लागतं. म्हणजे दोघांचं बसभाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. तेही नुसतं "मोतीबिंदू आहे का?" हे विचारायला! मग माणूस घरीच बसतो आणि बरा होऊ शकणारा डोळा अंधारातच राहतो.

म्हणून गावोगावी छोटी दृष्टी केंद्रं निघाली. केंद्रात प्रशिक्षित कर्मचारी डोळा तपासतो, डॉक्टर शहरातून पडद्यावर पेशंटशी बोलतात आणि ठरवतात, चष्मा, औषध की ऑपरेशन. ऑपरेशन लागणार असेल तरच प्रवास करायचा.

पण चित्र न्यायचं कसं? गावात धड इंटरनेट नव्हतं. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. एरिक ब्रूअर यांच्या गटानं ठरवलं, की घरातलं साधं वाय-फायच उंच मनोऱ्यांवरून मैलोगणती लांब न्यायचं.

पण वाय-फाय आहे फार उतावळं. निरोप पाठवला की "मिळाला" असं उत्तर लगेच यावं लागतं. नाही आलं तर निरोप हरवला असं समजून ते पुन्हा पाठवतं. घरात हे ठीक आहे. पण समोरचा मनोरा १५ किलोमीटरवर असेल, तर जाऊन यायला लहरींना सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. आपल्याला तो काहीच नाही, वाय-फायला मात्र एक युग! उत्तर वाटेत असतानाच ते पुन्हा बोलायला लागतं आणि नुसता गोंधळ होतो. शिवाय एकाच मनोऱ्यावरची एक अँटेना बोलत असली, की शेजारच्या अँटेनेला दुरून आलेलं काही ऐकू येत नाही.

यावर उपाय अगदी वर्गातल्यासारखा. आधी सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचं, मग सगळ्यांनी एकदम गप्प बसून ऐकायचं, सगळं घड्याळाप्रमाणे! ही कल्पना भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी कानपूरच्या आय.आय.टी.त असताना २००५ मध्ये मांडली. पुढे दोघंही मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवू लागले. बर्कलीकरांनी तीच कल्पना वाढवली, आणि २००६ पर्यंत थेनी इथल्या अरविंद रुग्णालयाशी पाच केंद्रं जोडली गेली. दुसऱ्याच वर्षी व्हेनेझुएलातल्या डोंगरांमध्ये असंच वाय-फाय ३८२ किलोमीटर लांब पोचलं. मुंबई ते पुणे सरळ रेषेत मोजा, त्याच्या तिपटीहून जास्त!

आणि थेनीत सर्वांत जास्त त्रास कशानं दिला, माहीत आहे? लहरींनी नाही, विजेनं! दाब एकदम चढायचा-उतरायचा, आणि उपकरणं जळायची. एवढं डोकं चालवून बांधलेलं जाळं अडायचं ते प्लगपाशी. मग वीज सुधारून घेणारी उपकरणं बसवावी लागली.

आज अरविंदची अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत. ऑपरेशन होऊन गावी परतलेल्या आजीला पुढची तपासणीही तिथेच करता येते. पडद्यावरचे डॉक्टर "कसं दिसतंय आता?" असं विचारतात, ते तिला किंचित उशिरा ऐकू येतं. पण तेवढा उशीर ऑपरेशनच्या टेबलापासून लांब आहे.

तुमच्याकडचा उशीर किती, ते पुढच्या सामन्याला मोजून बघा. काकांनी "सिक्सर!" ओरडलं की घड्याळ लावायचं आणि मोबाइलवर चेंडू सीमेपार गेला की थांबवायचं.