घरात दुसरे हेल्मेट आहे का?

नवी गाडी दारात आली की आपण काय काय करतो पाहा. हॅंडलला हार घालतो, हळदकुंकू वाहतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो आणि शेजारीपाजारी पेढे वाटतो. गाडीबरोबर एक हेल्मेटही घरात येते. स्कूटर किंवा मोटारसायकल विकताना गिऱ्हाइकाला हेल्मेट द्यावे असा नियमच आहे. आता हे हेल्मेट कोणाचे? अर्थातच चालवणाऱ्याचे! सकाळी यजमान कामाला निघाले की डबा, रुमाल आणि किल्लीबरोबर ते हेल्मेटही आपणच आठवणीने त्यांच्या हातात देतो. ‘डोक्यात घाला हं, नुसते हाताला अडकवू नका,’ असेही वर बजावतो.

आणि संध्याकाळी त्याच गाडीवर मागे बसून मंडईत, दवाखान्यात नाहीतर लग्नाला जातो तेव्हा आपल्या डोक्यावर काय असते? पदर. फार तर गजरा!

मैत्रिणींनो, आज या दुसऱ्या डोक्याविषयी थोडे बोलू या. घरात प्रत्येकाची काळजी वाहणारी बाई नेमकी इथे स्वतःला विसरते.

मागची जागा काही सुरक्षित नाही

मागे बसणाऱ्याला धोका कमी, असा एक समज आपल्या मनात घट्ट बसला आहे. सरकारी आकडे वेगळेच सांगतात. २०२२ साली आपल्या देशात दुचाकीवरून जाताना हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे अपघातात दगावली. त्यातली १४,३३७ माणसे मागे बसलेली होती. म्हणजे रोज सरासरी ३९.

असे का होते? विचार केला तर सहज कळेल. चालवणाऱ्याच्या हातात हॅंडल असते आणि डोळ्यांसमोर रस्ता असतो. पुढचा खड्डा किंवा गतिरोधक त्याला दिसतो, तो अंग सावरतो. मागे बसलेलीला यातले काहीच दिसत नाही. त्यातून आपण साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतो. मांडीवर भाजीची पिशवी, एका हातात मूल, दुसऱ्या हाताने पदर सावरलेला. धरायला तिसरा हात आणायचा कुठून? अशा वेळी गाडी गतिरोधकावरून उसळली की मागची बाई सरळ रस्त्यावर पडते. पडते तीही पाठीवर, आणि डोके मागच्या बाजूने आपटते.

‘पण आमचे हे अगदी सावकाश चालवतात हो!’ चालवत असतील. पण एक साधा हिशेब बघा. गाडीवर बसल्यावर आपले डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून डोके नुसते खाली आले तरी ते ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. गाडी किती वेगात होती हा प्रश्न त्यानंतरचा. आणि मागून येणारा ट्रक सावकाश यावा, वाटेत अचानक कुत्रे आडवे येऊ नये, हे यजमानांच्या हातात थोडेच आहे?

हेल्मेट करते तरी काय?

घरी नवा फ्रिज येतो तेव्हा खोक्यात थर्माकोल असतो ना? वाटेत दणका बसला तर थर्माकोल चेपतो आणि फ्रिज वाचतो. हेल्मेटचेही तसेच आहे. वरचे टणक कवच आघात एका जागी न ठेवता पसरवते. आतला थर्माकोलसारखा जाड थर चेपतो आणि दणक्याचा जोर स्वतः घेतो. सगळ्यात आत असतो तो स्पंज नुसता आरामासाठी. जीव वाचवतो तो मधला थर.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. अपघातात दणका खाल्लेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी ते टाकून द्यावे. ‘चांगलं तर आहे’ म्हणून भाच्याला देऊ नये.

डॉक्टरांना हे फार पूर्वीच उमगले होते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातला खरा लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले. त्यानंतर जगभर असे पुष्कळ अभ्यास झाले. २००८ साली त्या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले.

आपल्याच सबबी

आता खरे सांगायचे तर, दुसरे हेल्मेट घ्यायला घरातल्या कोणी मनाई केलेली असते असे नाही. बऱ्याचदा नको म्हणणाऱ्या आपणच असतो. आपल्या सबबी एकेक तपासून पाहू.

‘इथेच तर जायचंय!’ आपली रोजची ये-जा असते ती इथेच असते. कोपऱ्यावरची वाण्याची दुकाने, शाळा, देवळे, सगळे इथेच. खड्डे आणि गतिरोधकही इथेच आहेत.

‘अंबाडा मोडतो.’ खरे आहे, अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही आणि बसवूही नये. ते वर तरंगते आणि दणक्यात निसटते. जाताना मानेशी सैल वेणी घाला. लोखंडी आकडे आणि मोठे चाप डोक्यावर नकोत, आघातात तेच टोचतात. अंबाडा आणि गजरा कार्यालयात पोचल्यावर घालता येतो. दोन पिना आणि पाच मिनिटे, एवढाच काय तो खोळंबा.

‘उकडतं, केस गळतात.’ आत मऊ सुती रुमाल एक पदरी बांधा, घाम टिपला जातो. जाड घडी घातली तर मात्र हेल्मेट नीट बसणार नाही. न्हाऊन आल्यावर ओल्या केसांवर हेल्मेट घालू नका. हवा खेळती राहण्यासाठी झरोके असलेले हेल्मेट मिळते, ते निवडा.

‘खर्च कशाला उगीच?’ एखाद्या बऱ्या साडीच्या किमतीत चांगले हेल्मेट येते. साडी वर्षातून चारदा नेसणार, हेल्मेट रोज लागणार. आणि डोक्याच्या दुखापतीवर दवाखान्यात किती खर्च होतो याचा हिशेब मांडायचीही वेळ कोणावर येऊ नये.

स्वतः स्कूटर चालवणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगायचे आहे. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, असा सगळा जामानिमा करून तुम्ही निघता. रंगाची एवढी काळजी घेता, तर मग डोके का उघडे?

हेल्मेट पारखून कसे घ्यावे?

भांडे वाजवून घेणाऱ्या आपण, हेल्मेटही तसेच पारखून घ्यावे.

१. आतबाहेर आय.एस.आय. चिन्ह पाहा. सोबत ‘आय.एस. ४१५१’ हा क्रमांक हवा. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. रस्त्याच्या कडेला टांगलेली स्वस्त टोपी दंड टाळण्यापुरती, डोक्यासाठी नव्हे.

२. शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोक्याच्या फुगवट्यावरून माप घ्या. बायकांना पुष्कळदा लहान माप लागते. म्हणून यजमानांचे जुने हेल्मेट आपल्याला चालवून घेऊ नका.

३. घालून पट्टा लावा आणि मान डावीउजवीकडे हलवा. हेल्मेटबरोबर गालांची कातडीही हलली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरले तर ते सैल आहे.

४. मागची कड धरून पुढे ढकलून पाहा. निघून आले तर ते नको.

५. दुकानात दहा मिनिटे घालून बसा. कपाळावर एकाच जागी दुखू लागले तर दुसरे मागा. दुकानदाराला घाई असेल, आपल्याला नाही.

६. हनुवटीसह सगळा चेहरा झाकणारे हेल्मेट केव्हाही चांगले. अर्ध्या हेल्मेटात जबडा उघडाच राहतो.

आणि पट्टा! हनुवटीखाली एकदोन बोटे जातील इतपतच सैल ठेवा. पट्टा न लावलेले हेल्मेट आपल्याआधी रस्त्यावर पडते.

पदर, ओढणी आणि चपला

१४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात इसाडोरा डंकन ही प्रसिद्ध नर्तिका उघड्या मोटारीतून निघाली होती. गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला आणि क्षणात तिचा जीव गेला. आपली ओढणी आणि तिचा स्कार्फ यांत काय फरक आहे? ओढणीची दोन्ही टोके मागे वाऱ्यावर सोडून स्कूटरवर बसलेल्या मुली आपण रोज बघतो. ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नका. ती खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी गाठ मारा, किंवा सरळ पिशवीत ठेवा. पदर पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा. निऱ्या गोळा करून बसा.

मागच्या चाकाशी जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. ती शोभेची नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक तरी झाकले पाहिजे, असा नियम आहे. धरायला मूठ आणि पाय ठेवायला पायरीसुद्धा नियमात आहे. गाडी ‘झोकदार’ दिसावी म्हणून घरातले चिरंजीव ही जाळी काढून टाकत असतील तर त्यांना आधी जाब विचारा!

शक्य तेव्हा सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. पाठीला आणि तोलाला तेच बरे. तसे बसल्यावर पोटरी सायलेन्सरला लागणार नाही इकडे लक्ष ठेवा. पायात निसटती चप्पल नको, मागे पट्टा असलेली किंवा बूट हवेत. पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकतो, म्हणून लांबच्या प्रवासात जाड हातमोजे आणि जाड कापडाचे जाकीट अंगावर असू द्या. आणि पावसात मागे बसून छत्री उघडू नका. वाऱ्याने छत्री ओढली की तुम्हीही ओढल्या जाल. रेनकोट घ्या.

बाळगोपाळांचे काय?

कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवे, मग तो पुढे असो वा मागे. त्यातून सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना. चार वर्षांखालच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे. मुलाला चालवणाऱ्याशी पट्ट्याने बांधायचे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा. नऊ महिन्यांपुढच्या बाळाला त्याच्या मापाचे हेल्मेटही घालायचे. त्याहून लहान बाळ असेल तर रिक्षा किंवा बस करावी हेच शहाणपणाचे.

आणि पुढे एक मूल उभे, मध्ये एक बसलेले, मागे आपण, अशी ‘सहकुटुंब’ वरात तर कायद्यात बसतच नाही. चालवणारा आणि मागे एक, एवढीच परवानगी आहे.

निगा अशी राखा

आतले अस्तर निघत असेल तर दर दोनतीन आठवड्यांनी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. काच ओल्या मऊ सुती फडक्याने पुसा, घासणी लावू नका. पेट्रोल किंवा थिनरने डाग काढू नका, कवच आणि आतला थर त्याने खराब होतो. रात्री काळी काच वापरू नका. हेल्मेटवर बसू नये, ते आपटू नये, आणि हो, मंडईत त्यात टोमॅटो भरून आणू नयेत!

दंडापुरते नव्हे

१ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले होते. रस्ते सुधारा, खड्डे बुजवा, ही मागणी रास्तच आहे. पण खड्डा बुजेपर्यंत डोके सांभाळायचे कोणी? हेल्मेट नसल्यास केंद्राच्या कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना बाद अशी शिक्षा आहे. मागे बसणारीला हेल्मेट नसले तरीही तोच कायदा. मात्र चलन आले म्हणून नव्हे, तर आपल्यावाचून कोणाचे तरी अडेल म्हणून हेल्मेट घालायचे.

या आठवड्याच्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर ‘दुसरे हेल्मेट’ असे लिहा. ते कपाटावर नको, माळ्यावर तर नकोच. दाराशी, किल्लीच्याच खुंटीवर टांगा. आणि ‘चल गं, उशीर होतोय’ अशी हाक आली की शांतपणे म्हणा, ‘अहो, आधी माझं हेल्मेट, मग किल्ली.’