फ्लायव्हील हलकं केलं की गाडी खरंच पळते का? ट्रॅकवर मजा, ट्रॅफिकमध्ये सजा

शेतातल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केलंय, त्यांना फ्लायव्हील म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल फिरवून त्या जाडजूड चाकाला गती द्यायची आणि खटका सोडायचा. पुढे सिलिंडरमधली हवा दाबते ती हाताची ताकद नसते, त्या फिरत्या चाकात साठलेली असते.

कारमध्येही हेच चाक असतं, फक्त दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टनं कसलेलं. क्लच प्लेट त्याच्यावर दाबली जाते आणि स्टार्टर मोटर त्याच्याच कडेचे दाते फिरवते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांच्या मधे इंजिन अडखळू नये म्हणून हे वजन.

मग रेसिंगवाले ते कमी का करतात? कारण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाला आधी स्वतःचंच चाक वेगात आणावं लागतं. चाक हलकं असेल तर आरपीएम पटकन चढतो आणि पाय काढला की पटकन उतरतो. ट्रॅकवर भराभर गिअर बदलताना हेच हवं असतं.

पण यानं हॉर्सपॉवर वाढतो, हे काही खरं नाही. स्थिर आरपीएमवर मोजलं तर आकडा तोच येतो. गाडी रोलरवर पळवून, वेग वाढवत मोजणाऱ्या डायनोवर थोडा जास्त दिसतो, कारण चाक फिरवण्यात जाणारी ताकद तेवढी वाचलेली असते. इंजिन होतं तेच असतं.

फायदा किती, याचा हिशोब मांडता येतो. समजा १४ सेंटीमीटर त्रिज्येचं ८ किलोचं सपाट फ्लायव्हील काढून ४ किलोचं बसवलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांना टायरची एक फेरी होत असेल, तर वेग घेताना गाडीचं वजन साधारण ८५ किलोनं कमी झाल्यासारखं वाटेल. म्हणजे एक माणूस खाली उतरला. पाचव्या गिअरमध्ये मात्र हाच फायदा जेमतेम ४-५ किलोंवर येतो. हायवेवर १०० च्या स्पीडनं जाणाऱ्याला फरक कळणारही नाही.

वजन कुठून कमी झालंय हेही बघावं लागतं. कडेचं एक किलो हे मध्यापासून ५ सेंटीमीटरवरच्या एका किलोपेक्षा जवळपास आठपट जास्त जड ‘वागतं’. त्यामुळे नुसता वजनाचा आकडा बघून फ्लायव्हील निवडू नये.

आता रस्त्यावर या. सिग्नल सुटला, क्लच सोडला, गाडी बंद. मागून हॉर्न. जड चाकात साठलेली ताकद गाडी हलवायला मदत करत होती, ती आता नाही. मग जास्त रेस देऊन क्लच घासत गाडी काढायची सवय लागते. घाटातल्या चढावर किंवा स्पीड ब्रेकरवर रोज हेच. एसी चालू झाला की आयडलिंगला इंजिन थरथरतं. काही नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर ही थरथर म्हणजे मिसफायर समजतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो.

अनेक डिझेल गाड्यांमध्ये तर दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाही. ते काढून एकसंध हलकं बसवलं की गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते. पोर्शनं २०१६ मध्ये ९११ आर ही गाडी काढली, फक्त ९९१ गाड्या. एवढ्या हौशी गाडीतही हलकं, एकसंध फ्लायव्हील कंपनीनं सरसकट दिलं नाही, मागेल त्याला दिलं. यातच काय ते आलं.

खरी भीती मात्र लेथची आहे. मूळ फ्लायव्हील बहुतेक वेळा बिडाचं असतं. ते स्वस्तात लेथवर कातून हलकं करून घेणारे बरेच आहेत. ७००० आरपीएमला १४ सेंटीमीटरवरची कड ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगानं फिरते. चुकीच्या जागी कातलेलं बीड त्या वेगाला फुटलं, तर तुकडे गिअरबॉक्सचं कवच फाडून बाहेर येतात आणि तिथून ड्रायव्हरचे पाय फार लांब नसतात. अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गारलिट्स यांचा उजवा पाय १९७० मध्ये अर्धवट तुटला. तिथं फुटला होता तो गिअरबॉक्स, पण वेगात फिरणारं लोखंड फुटलं की काय होतं ते कळायला तेवढं पुरे.

म्हणून ट्रॅकसाठी घ्यायचं तर क्रोमोली स्टीलचं किंवा घासणाऱ्या भागावर स्टीलची चकती बसवलेलं ॲल्युमिनियमचं, आणि एसएफआय १.१ प्रमाणपत्र असलेलं घ्यावं. गाडी ऑफिसलाही जाते आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवरही, तर थोडंसंच हलकं स्टीलचं फ्लायव्हील बरं. गाडी फक्त शहरात फिरणार असेल तर कंपनीचंच राहू द्या.

फ्लायव्हीलला हात लावायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे हे काम क्लच बदलायच्या वेळीच केलं तर मजुरी वाचते. आणि काढलेलं जुनं फ्लायव्हील भंगारात देऊ नका, महिनाभर ट्रॅफिकमध्ये गाडी चालवल्यावर ते परत बसवावंसं वाटू शकतं.