गाडी काय म्हणते, ते ऐका

आम्ही सावंगी (मेघे) इथल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे मोटारसायकलचा गिअर.

आमच्या गटात आता पाच-सहा जणी गिअरची गाडी चालवतात. घरात जी मोटारसायकल आहे तीच घ्यायची, आणि बँक, बाजार, दवाखाना सगळं तिच्यावरच करायचं. मागच्या दिवाळीआधी गटातली एक ताई डाळीच्या दोन थैल्या आणि मागे एक मैत्रीण घेऊन वर्ध्याला निघाली. रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या ऐन चढावर गाडी गदगदली आणि बंद पडली. बंद गाडी मागे घसरायला लागली. मागे ट्रक होता. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक मारला म्हणून निभावलं. लागलं कोणालाच नाही, पण बाजूने जाणारा एक जण बोलून गेला, "जमत नाही तर काहून आणता वं गाडी?"

ताईने त्या दिवशी चावी खुंटीला टांगली ती दोन महिने. तोवर माल ऑटोने जायचा आणि भाडं गटाच्या नफ्यातून कटायचं.

बैठकीत आम्ही तिला एकच प्रश्न विचारला. चढावर गिअर कोणता होता? म्हणाली, "चौथा. वरच्या गिअरात पेट्रोल वाचते म्हणतात ना!"

चूक इथेच होती, आणि ती तिची एकटीची नव्हती. आम्हा सगळ्याजणींना हेच सांगितलेलं होतं. मग गावातल्या मिस्त्रीदादांना बोलावलं आणि चार रविवार मोकळ्या मैदानावर शिकलो. त्यातलं जे उपयोगी पडलं ते आज सांगतो.

आपल्याकडे सेवाग्राम जवळ, म्हणून चरखा सगळ्यांनी पाहिलेला. मोठं चाक एकदा फिरवलं की चाती कितीतरी वेळा फिरते. मोटारसायकलमध्ये याच्या उलट होतं. इंजिन पुष्कळ फेऱ्या मारतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या सगळ्यात जास्त, म्हणून जोर जास्त आणि वेग कमी. चौथ्यात फेऱ्या कमी, म्हणून वेग मिळतो पण जोर कमी पडतो.

दुसरी गोष्ट अशी, की इंजिनाला सगळ्याच फेऱ्यांवर सारखं बळ नसतं. १०० सीसीची गाडी नुसती उभी चालू असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेऱ्या मारतं. स्प्लेंडर प्लसच्या माहितीपत्रकात ओढण्याचा सगळ्यात जास्त जोर ६००० फेऱ्यांना दिला आहे. म्हणजे फेऱ्या फार खाली गेल्या की इंजिन दुबळं होतं. ताई पुलावर चढत होती, वेग उतरत होता, गिअर मात्र चौथाच. वेगाबरोबर फेऱ्याही उतरल्या. तिने रेस वाढवली, पण जोर नसलेल्या इंजिनाला नुसतं पेट्रोल पाजून काय होणार? शेवटी ते थांबलं.

मग पेट्रोल वाचतं हे खोटं आहे का? अर्धं खरं आहे. सपाट रस्ता, ४०-४५ चा वेग, ओझं बेताचं, तर चौथा गिअर बरोबर. त्यात पेट्रोलही वाचतं. पण २० च्या वेगाला चौथा ठेवला तर इंजिनाला ठोके बसतात, चेनला झटके बसतात. अशी सवय राहिली तर मिस्त्रीचं बिल वाढतं. उलट दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी किंचाळत पळवली, तर पेट्रोल जास्त जळतं आणि इंजिन तापतं.

आपल्या बहुतेक गाड्यांवर फेऱ्या दाखवणारं मीटर नसतं. म्हणून कान आणि हात वापरायचे. चालत्या गाडीला थोडीशी रेस द्या. गाडी लगेच पुढे सरकली, तर गिअर बरोबर. गदगदली, हँडल थरथरलं, तर गिअर एकाने खाली घ्या. आवाज किंचाळल्यासारखा झाला, तर एकाने वर टाका. चार गिअरच्या लहान गाडीचा ढोबळ अंदाज असा: १५ पर्यंत पहिला, २५ पर्यंत दुसरा, ४० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. मागे माणूस किंवा ओझं असेल तर गिअर थोडा उशिराने वाढवा.

चढ आला की गाडी दमायची वाट पाहू नका. पायथ्याशीच तिसरा घ्या, लागला तर दुसरा. भर वेगात मात्र एकदम दोन-तीन गिअर पाडू नका, मागचं चाक घसरतं. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडू नका. गिअरमध्ये असली तर इंजिनच तिला आवरून धरतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात दुसरा गिअर, हलकी रेस, झटका नाही.

आणि चढावर गाडी बंद पडलीच, तर घाबरू नका. आधी दोन्ही ब्रेक दाबा. क्लच दाबून न्यूट्रल करा, गाडी चालू करा, पहिला गिअर टाका. उजव्या पायाचा ब्रेक दाबून ठेवा, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. गाडी पुढे ओढ घेते आहे असं जाणवलं की मगच ब्रेक सोडा. हे आम्ही मैदानाच्या कडेच्या चढावर प्रत्येकीकडून दहा-दहा वेळा करून घेतलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स गिअरच्या गाडीला चालत नाही. आणि हेल्मेट दोघींनाही हवं, चालवणारीलाही आणि मागे बसणारीलाही.

ताई आता पुन्हा माल घेऊन जाते. पुलाच्या पायथ्याशी तिचा पाय आपसूक गिअरवर जातो. मागे बसलेली मैत्रीण सांगत होती, "आता ही बोलत नाही, गाडीचाच आवाज ऐकत बसते!"

तुमच्याही गटात कोणाची चावी खुंटीला टांगलेली असेल, तर तिला पहिल्यांदा हेच विचारा, गिअर कोणता होता?