विश्लेषण : पडद्यावरचा सायबर पोलीस आणि नागपूरचा ‘मार्वल’

यंत्राची जोड मिळालेला पोलीस १९८९ मध्ये आर्केड गेमच्या पडद्यावर दिसला. आज नागपूर पोलिसांच्या तपासात एआय वापरले जाते. दोघांत फरक काय?

गेम काय होता?
सेगा कंपनीच्या ‘ई-स्वॅट : सायबर पोलीस’मध्ये खेळाडू साधा पोलीस म्हणून सुरुवात करतो. पडदा आडवा सरकत जातो, समोरून गुंड येतात. मोहिमा फत्ते केल्यावर बढती आणि पुढे अंगावर यांत्रिक चिलखत मिळते. १९८७च्या ‘रोबोकॉप’ चित्रपटाची आठवण करून देणारे!

नागपुरात काय घडले?
पोलिसांना एआयची मदत मिळावी म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्वल’ ही कंपनी सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर ग्रामीण हद्दीत ट्रकच्या धडकेत दुचाकीवरील महिलेचा मृत्यू झाला. ट्रकचा क्रमांक कुणालाच ठाऊक नव्हता. पतीला आठवत होत्या त्या फक्त लाल खुणा. टोलनाक्यांवरील सीसीटीव्ही चित्रण एआयने तपासले आणि ३६ तासांत ट्रक सापडला.

फरक कुठे?
गेममध्ये शत्रू कोण, हे आधीच ठरलेले असते. प्रत्यक्षात एआय केवळ संशयित वाहन दाखवते. धडक त्याच ट्रकने दिली का, चालक कोण होता, हे पोलिसांना पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. निकाल न्यायालय देते. गेममध्ये हरल्यावर नाणे टाकून पुन्हा खेळता येते. यंत्राच्या चुकीने निरपराध माणूस अडकला, तर ती सोय नसते.