फुटलेला कुकर भंगारात देऊ नका

घरात कुकर फुटला की दोन कामे एकदम सुरू होतात. एक जण भाजलेल्या माणसाला घेऊन दवाखान्याकडे धावतो. मागे राहिलेले कोणीतरी ओटा, भिंती आणि छताला चिकटलेली डाळ धुऊन काढते. वाकडे झालेले झाकण, उडालेली शिट्टी आणि फाटलेली रिंग गोळा होऊन गॅलरीच्या कोपऱ्यात जाते. आठवड्याभराने भंगारवाला येतो आणि सगळे उचलून नेतो.

हे स्वाभाविक आहे. त्या घडीला माणूस वाचणे महत्त्वाचे असते. पण दोन-तीन महिन्यांनी त्वचारोपणाचे बिल हातात पडते, चेहऱ्यावरचे व्रण जाणार नाहीत हे कळते, डोळ्याची दृष्टी पूर्वीसारखी होणार नाही असे डॉक्टर सांगतात आणि मग प्रश्न पडतो, याची भरपाई कोण देणार? कुकर बनवणाऱ्या कंपनीला जाब विचारता येतो का? कायद्याचे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र तोवर दाव्याचा सर्वांत मोठा साक्षीदार भंगारात वितळून गेलेला असतो.

हीच गोष्ट पेट घेणाऱ्या चार्जरची, शॉक देणाऱ्या गीझरची आणि झाकण निसटून हात कापणाऱ्या मिक्सरची. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर पहिल्या काही दिवसांत काय जपून ठेवले, यावर पुढचे बरेच काही ठरते.

कुकर का फुटतो?

कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते. जादा वाफ शिट्टीवाटे बाहेर पडते. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने किंवा भाताच्या कणाने बुजली, तर दुसरा पहारेकरी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यातला कमी तापमानाला वितळणारा धातू विरघळतो आणि वाफेला वाट मिळते. हे दोन्ही मार्ग बंद राहिले, झाकणाची कड नीट बसली नाही किंवा धातूच कमकुवत असला, तर झाकण उडते.

म्हणजे अपघाताची कारणे वेगवेगळी असू शकतात: कारखान्यात राहिलेला दोष, आराखड्यातली चूक, बाजारातून आणलेला नकली व्हॉल्व्ह, वर्षानुवर्षे न बदललेली रिंग किंवा वाफ असतानाच जोर लावून उघडलेले झाकण. नेमके काय झाले, हे घरातल्या आठवणीवरून ठरत नाही. ते ठरते झाकणाच्या कडेवरून, व्हॉल्व्हच्या छिद्रावरून आणि धातूच्या तपासणीवरून. त्यासाठी वस्तू हाताशी लागते.

आधी उपचार

भाजलेल्या भागावर लगेच नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. सूज येण्याआधी बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. स्वच्छ कापड सैल गुंडाळून रुग्णालय गाठावे. गरम वाफ किंवा डाळ डोळ्यांत गेली असेल, तर डोळे भरपूर पाण्याने धुवावेत. पण झाकण किंवा शिट्टी डोळ्यावर आदळली असेल, तर डोळा चोळू वा दाबू नये. तो अलगद झाकून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील, तर जखम लहान दिसली तरी रुग्णालयातच दाखवावे.

केस पेपरवर काय लिहिले गेले?

अपघात विभागात डॉक्टर विचारतात, ‘कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर केस पेपरवर उतरते आणि दाव्यात तोच पहिला कागद ठरतो. ‘स्वयंपाक करताना भाजले’ आणि ‘कुकरचा स्फोट होऊन वाफेने व गरम डाळीने भाजले, झाकण कपाळावर लागले’ या दोन नोंदींत फार मोठे अंतर आहे. पहिल्या नोंदीत वस्तूचा उल्लेखच नाही.

अनेकदा कुटुंबच खरे सांगायला कचरते. स्फोटाने किंवा भाजल्याने झालेली इजा सहसा ‘एमएलसी’ म्हणून नोंदली जाते आणि पोलिसांना कळवले जाते. ‘पोलिसांची कटकट नको’ म्हणून नातेवाईक हातातून पातेले सांडल्याचे सांगतात. भाजलेली घरची सून असेल, तर सासरच्यांना वेगळीच धास्ती असते. पण जे खरोखर घडले तेच सांगण्यात सगळ्यांचे हित आहे. पोलिसांनी जागेचा पंचनामा केला, तर तो पुढे कुटुंबाच्याच कामी येतो. त्याची प्रत मागून घ्यावी.

किती टक्के भाजले, किती खोल भाजले, डोळ्याची दृष्टी किती राहिली, हे डिस्चार्ज कार्डवर असले पाहिजे. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसह शरीराच्या साधारण १ टक्का भरतो. या मापाने लहान जखमांचा अंदाज घेतात. जखमेचे फोटो पहिल्या दिवशी आणि नंतर ठरावीक दिवसांनी काढावेत. खोल भाजल्यावर काही महिन्यांनी कातडी आखडते, बोटे वळत नाहीत, मान वाकडी होते. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. हा पुढचा खर्च दाव्यात धरायचा, तर डॉक्टरांचे तसे लेखी मत हवे. कायमचे अपंगत्व राहिले, तर त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. वैद्यकीय नोंदींची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठीच्या आचारसंहितेचा नियम आहे.

कायदा काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू बनवताना राहिलेला दोष, आराखड्यातला दोष, ठरलेल्या मापदंडापासून फारकत, दिलेल्या हमीशी विसंगती आणि वापराच्या अपुऱ्या सूचना किंवा इशारे, यांपैकी काहीही सिद्ध झाले तर उत्पादक भरपाईला बांधील ठरतो.

विक्रेताही काही वेळा अडकतो. त्याने स्वतः वेगळी हमी दिली, वस्तूत फेरफार केला, ती जोडताना किंवा तपासताना काळजी घेतली नाही अथवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर जबाबदारी त्याच्यावर येते. बिननावाचा माल स्वस्तात विकणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. गीझर चुकीचा बसवला गेला, तर सेवा देणाऱ्यावरही दावा होऊ शकतो.

भरपाई मृत्यू, इजा, आजार, त्यासोबतचा मानसिक त्रास आणि इतर मालमत्तेचे नुकसान यांसाठी मागता येते. कुकर ज्याने विकत घेतला त्यालाच हा हक्क आहे असेही नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक असते. बिल मुलाच्या नावे आणि भाजली आई, तरी आईचा दावा चालतो. व्यावसायिक वापर वगळला असला, तरी पोट भरण्यासाठी स्वतः राबून डबे देणारी बाई ग्राहकच आहे. हॉटेलात नोकरी करणाऱ्या आचाऱ्यासाठी मात्र मालकाकडून भरपाई मागण्याचा मार्ग आहे.

गृहिणी कमावत नाही, मग तिचे नुकसान काय, असा युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात २००१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले होते. नंतरच्या निकालांतही गृहिणीच्या श्रमाला मोल आहे, हे तत्त्व कायम राहिले.

कंपनी काय म्हणेल?

बचाव बहुधा एकच असतो: ‘वापर चुकीचा होता.’ वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात बदल झाला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही आणि उत्पादकही तेच पुढे करतो. सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याचा इशारा दिला नाही, एवढ्यावरूनही जबाबदारी येत नाही. म्हणून रिंग आणि व्हॉल्व्ह कंपनीचेच घ्यावेत आणि त्यांचे बिल मूळ बिलाला टाचून ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस घरी येतो, ‘तपासून सांगतो’ म्हणत तुकडे घेऊन जातो, कधी बदल्यात नवा कुकर देतो. तुकडे तसे देऊ नयेत. आयोगाला वस्तू सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आहे. त्या अहवालासाठी कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे. शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. कंपनीला पाहायचेच असेल, तर घरीच, फोटो काढून, लेखी नोंद करून पाहू द्यावे.

दावा कुठे करायचा?

इथे बरेच जण गोंधळतात. कोणत्या आयोगाकडे जायचे, हे वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. मागितलेल्या भरपाईचा त्याच्याशी संबंध नाही. ५० लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. २,००० रुपयांच्या कुकरमुळे ४० लाखांची भरपाई मागायची असली, तरी जिल्हा आयोगाकडेच जायचे. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात आणि ऑनलाइनही तक्रार देता येते.

मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार केली किंवा कंपनीशी पत्रव्यवहार सुरू असला, म्हणून ही मुदत थांबत नाही. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. पण इजेचे आणि तपासणीचे प्रकरण गुंतागुंतीचे असते. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. कायद्याने प्रकरण तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली निघावे. प्रत्यक्षात त्याहून बराच काळ लागतो, याची तयारी ठेवावी.

अपघात गॅस सिलिंडरचा असेल, तर आणखी एक दार आहे. तेल कंपन्यांनी काढलेल्या विम्यात मृत्यूसाठी प्रतिव्यक्ती ६ लाख आणि उपचारांसाठी प्रतिव्यक्ती २ लाखांपर्यंत तरतूद आहे. त्यासाठी वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते.

आपली तक्रार इतरांनाही वाचवू शकते. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. तरीही ते नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला अशा २,२६५ कुकरच्या खरेदीदारांना कळवून माल परत घेण्याचा आणि पैसे देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा अधिकार या प्राधिकरणाला आहे.

कागद नसले की काय होते?

याचे उदाहरण स्वयंपाकघराबाहेरचे आहे, पण नेमके आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा कृत्रिम खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये समिती नेमली, २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांचे भरपाईचे सूत्र ठरले, वाद न्यायालयात गेला. या सगळ्यात तीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. भरपाईसाठी आपल्या शरीरात नेमका कोणता सांधा आहे, हे दाखवणे आवश्यक होते. ते सांगणारी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेच्या कागदावर चिकटवलेले एक छोटे स्टिकर.

कुकरचेही तसेच आहे. घरात असा अपघात झालाच, तर ओटा धुण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सगळे तुकडे न धुता, न जोडता एका खोक्यात भरून त्यावर तारीख लिहा. बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक शोधा. ऑनलाइन घेतला असेल, तर विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण ते पान उद्या असेलच असे नाही. रिक्षापासून औषधापर्यंतच्या पावत्या आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब एका पिशवीत ठेवा. ही कामे जखमीने करायची नसतात. त्याच्यासोबत रुग्णालयात गेलेल्यांनी एक फोन घरी करावा आणि सांगावे, कुकरला हात लावू नका.